घोडापाळण्यातली रिकामी जागा

१

दोन वर्षं कुलूप होतं तेव्हा मौजमळ्यातला एक खिळाही हलला नाही, आणि उद्या सकाळी फाटक उघडायचं म्हणताना आज घोडा गेला.

खराखुरा नव्हे, फायबरचा. कागलच्या अलीकडे, हायवेला लागून, गणपतरावांनी उसाचा मळा मोडून 'मौजमळा' नावाची जी करमणुकीची बाग उभी केली होती, तिच्यात आकाशपाळणा होता, घसरगुंड्या होत्या. पण बागेचा जीव होता तो घोडापाळण्यात. गोल चौथरा, त्यावर खांबाखांबाला घोडे, आणि गाणं लागलं की सगळी पलटण वरखाली करत फिरायची. कोरोनात सगळं बंद पडलं. सरकारनं परवानगी दिली, तरी गंजलेली यंत्रं दुरुस्त करता करता जून उजाडला. शाळा सुरू व्हायच्या आत पोरांना एकदा तरी फिरवायचंच, असा गणपतरावांना 'पप्पा' म्हणणाऱ्या त्यांच्या सुनेचा, निशिगंधाचा, निश्चय होता. सकाळी जाहिरातीचे फोटो काढायला ती चौथऱ्यावर चढली आणि तिथूनच ओरडली.

पुढचा पांढरा घोडा नव्हता. नुसता पितळी खांब उभा होता, नवरदेव पळून गेल्यावर अंतरपाट धरून राहिलेल्या भटजीसारखा.

आक्काताई शिंगे हातात डबा घेऊन फाटकातून आत आली तेव्हा निशिगंधाचा आवाज आकाशपाळण्याच्या टोकाला पोचला होता.

"दोन वर्षं इथं कोण होतं? तुम्ही! किल्ल्या कुणाकडं? तुमच्याकडं! मग घोडा काय उडून गेला?"

समोर पिराजी उभा होता. साठी ओलांडलेला राखणदार. टोपी हातात, नजर स्वतःच्या चपलांवर.

"आणि नुसता घोड्याचा प्रश्न नाही हो," निशिगंधा आक्काताईकडं वळली. "परवाच तपासणी झाली. तपासलेल्या पाळण्याला कुणी पाना लावला की ती तपासणी संपली. उद्या एखादं पोर पडलं तर कोण जबाबदार? मी पप्पांना फोन केला, तर ते नुसतं 'बरं, बरं' म्हणाले. संध्याकाळपर्यंत घोडा सापडला नाही, तर मी पोलिसांत यांचं नाव देणार."

तिचं चुकत होतं असं आक्काताईला म्हणवेना. पण पिराजी टोपीची घडी घालत होता, उलगडत होता, तेही बघवेना.

"संध्याकाळपर्यंत ना?" ती म्हणाली. "मग तोवर मला द्या."

मौजमळ्यात आक्काताईची खोली होती 'हरवले-सापडले'ची. गर्दीत चुकलेली शेकडो पोरं तिनं आईबापांच्या हाती दिली होती. रडणाऱ्या पोराला 'आई कुठंय?' असं विचारू नये, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. ते माहीत असतं तर पोर कशाला रडलं असतं? ती विचारायची, 'शेवटचं काय खाल्लंस, बाळा?' कुल्फी म्हटलं की कुल्फीवाल्यापाशी आई सापडायचीच.

तिनं पिराजीला बाजूला घेतलं. "तात्या, सकाळपासनं काय खाल्लंसा?"

"काय न्हाय."

"घोडा तुम्ही न्हेला?"

"न्हाय." उत्तर एकदम आलं. सरळ, डोळ्याला डोळा देऊन.

"मग कुणी न्हेला ते बघितलं?"

पिराजीनं टोपी डोक्यावर चढवली. "आक्का, मला पोलिसात दिलं तरी चालंल. पर ह्ये इचारू नगंस."

२

म्हणजे पिराजीला माहीत होतं. आणि जेलात जायची तयारी होती, पण नाव सांगायची नव्हती.

आक्काताई चपला काढून चौथऱ्यावर चढली. आधी तिनं खांब बघितला. घोडा ज्या पट्टीला अडकवतात, तिचे नटबोल्ट पुन्हा जागच्या जागी फिरवून बसवले होते. वर ग्रीसचं बोट. चोर कधी जाताना घराला कडी लावून जातो का?

मग तिनं खाली बघितलं. बाकीच्या घोड्यांच्या पुढच्या पायांशी मुंग्यांच्या ओळी लागल्या होत्या. वाकून बघितलं तर कणभर पिवळं, गोड काहीतरी. पुरण. आणि खुरांच्या खाचांत तांबूस रंग. कुणीतरी फडक्यानं पुसला होता, पण खाचेतला निघाला नव्हता.

"नवा रंग दिलाय ना, त्याचे ओघळ असतील," मागं येऊन निशिगंधा म्हणाली.

आक्काताईनं खाचेत बोट घातलं. बोट तांबडं झालं, वर तेलकट. "रंग वाळला असता. हा तेलातला हुरमुंज हाय, वैनी. बैलाची शिंगं रंगवत्यात त्यो."

आक्काताईच्या घरात छप्पनच्या धम्मदीक्षेपासून देव-नैवेद्य सुटले होते. पण शेजारच्या गोठ्यातल्या बैलांची शिंगं रंगवायला लहानपणी ती सगळ्यांच्या पुढं असायची. शिंगांपेक्षा स्वतःचा झगाच जास्त रंगायचा आणि आईचा मार बसायचा. तो वास तिनं कुठंही ओळखला असता.

"बैलांचा बेंदूर तर अजून महिनाभर लांब आहे," निशिगंधा म्हणाली. माहेर कोल्हापुरात राजारामपुरीचं, बेंदूर तिला दिनदर्शिकेतनं माहीत.

"तुमचा-आमचा लांब हाय. कर्नाटकी बेंदूर काल झाला."

एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. भंगारवाला भाऊसो. गेले सहा महिने तो घोडापाळणा विकत मागत होता आणि निशिगंधा त्याला हाकलत होती.

"या, पावणं," आक्काताईनं चौथऱ्यावरनंच हाक मारली. "घोडा कुठं ठेवलाय?"

भाऊसोनं सगळी हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अवो आक्का, मी न्हायचा तर अख्खा पाळणा न्हेला असता! एक घोडं घिऊन काय करू? वरात काढू? त्येबी फायबरचं. फायबरला भंगारात कुत्रं इचारत न्हाय. मी आपला पितळंवर डोळा ठिवून हाय, आन् त्यो खांब तर हितंच हाय की!"

खरं होतं. चोरण्यासारखं होतं ते सोडून गेला आणि नेण्यासारखं नव्हतं ते घेऊन गेला, असा हा चोर.

"कर्नाटकी बेंदूर करणारं इथं कोण आहे?" भाऊसो गेल्यावर निशिगंधानं विचारलं आणि स्वतःच दचकली. घोडापाळणा चालवणारा, पाना हातात धरणारा, दूधगंगेपलीकडून रोज फटफटीवर येणारा एकच जण होता.

३

महांतेश तिशीतला, अंगानं दांडगा आणि लाजाळू. आक्काताईनं त्याला खोलीत बसवून चहा दिला, तेव्हा कपबशी त्याच्या हातात भातुकलीची वाटत होती.

"काल हुरमुंज तूच लावलास?"

"व्हय की." त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. "बसवराजअण्णा लावत होता. माझ्या आधी पाळणा त्योच चालवायचा. त्येच्या घरात बैल न्हवतं. ह्येच माझं बैल म्हनायचा. बेंदराला कुणी न बघता खुरांना हुरमुंज लावायचा, पुरणाचा घास ठिवायचा, मग पुसून टाकायचा. अण्णा गेला, म्हनून आता मी."

"गेला म्हणजे?" निशिगंधा दारातून म्हणाली. तिचं लग्न टाळेबंदीतलं, तोंडाला फडकी बांधून झालेलं. चालू मौजमळा तिनं कधी बघितलाच नव्हता.

"दुसऱ्या लाटंत. हितंच ऱ्हात हुता, मशिनी गंजू नयेत म्हनून."

महांतेशनं कप बशीत नीट ठेवला.

"काल कितीच्या सुमाराला लावलास रंग?" आक्काताईनं विचारलं.

"सांच्याला. सगळी घरी गेल्यावर."

"तवा पांढरा घोडा हुता?"

"हुता की. सगळी घोडी जागच्या जागी हुती. माझं काम करून मी गेलो."

आक्काताईनं चहाचा घोट घेतला. बशीत ओतून पोरांसारखा फुर्रर्र करत पिण्याची तिची सवय होती, पण हा घोट तिनं सावकाश, विचार करत घेतला.

"महांतेश, तुला खोटं बोलता येत न्हाई, लेकरा. शिकूबी नगंस."

त्याचे कान लाल झाले.

"बाकीच्या घोड्यांच्या पायाशी मुंग्या हायत, हुरमुंजाचं थेंब हायत. रिकाम्या जागेवर एक मुंगी न्हाई. एक थेंब न्हाई. तिथं काल नैवेद्य ठेवलाच न्हाईस तू. का? कारण तू आलास तवा घोडा तिथं नव्हताच."

"मग यानं ओरडायला नको होतं का?" निशिगंधा पुढं आली. "घोडा गेला म्हणून?"

"तेच तर. घोडा न्हाई हे बघून ह्यो ओरडला न्हाई, कुणाला फोन केला न्हाई. बाकीच्यांना घास घातला आणि गेला. म्हणजे त्या घोड्याचा नैवेद्य दुसरीकडं व्हणार, हे ह्याला ठावं हुतं." आक्काताईनं बशी खाली ठेवली. "तात्याला ठावं हुतं, ह्याला ठावं हुतं. आणि न्हेणारा तिसराच हाय."

महांतेशनं उठून तिच्या पायाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. "आक्का, नाव मला इचारू नगा. अव्वाला, अण्णाच्या आईला, शब्द दिलाय."

बाहेर पिकअपचं इंजिन घरघरलं. गणपतराव आले होते.

४

सकाळपासून गणपतराव राजारामपुरीत गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेले होते. निदान सुनेला तसं सांगून गेले होते. आता पिकअपमधून ते एक पाय आधी, दुसरा मागाहून, असे उतरले. मागचा हौदा रिकामा होता. कोपऱ्यात उसाचं वाडं आणि एक घडी केलेली गोधडी.

"आण्णा, या," आक्काताई म्हणाली. "जेवायचं पान वाढू?"

"नको, नको. खाऊन आलोय."

"काय खाल्लंसा?"

गणपतरावांनी तोंड उघडलं, सुनेकडं बघितलं आणि परत मिटलं. साखरेच्या आजाराचा माणूस. निशिगंधानं घरातले गुळाचे डबेसुद्धा वरच्या फळीवर चढवले होते.

"पप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"तेच आपलं... चालू नका."

आक्काताईनं खुर्ची पुढं सरकवली. "आण्णा, माझं एक ठरलेलं हाय. पोराला न्हायला माणूस आला की मी आधी पोराकडं बघते. तोंड खुललं तर मगच हात सोडते. आज मला तुमचं तोंड खुललेलं दिसंना. तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

गणपतराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"बरं, मीच सांगते. राजारामपुरीत फटफटी लावायला जागा मिळत न्हाई, तिथं दारात कार असताना पिकअप कोण न्हेतं? हौद्यात गोधडी कशाला? कुणाला तरी ओरखडा उठू नये म्हणून. नट परत बसवून, ग्रीस लावून कोण ठेवंल? ज्याला ते यंत्र आपलं वाटतं त्यो. आणि पिराजीतात्या..." ती थांबली. बाहेर बाकावर पिराजी पाठ करून बसला होता. "स्वतःची अब्रू जात असताना माणूस उगाच गप्प बसत न्हाई. फाटक त्यानं उघडलं, आणि ज्याला उघडलं त्याला 'कुठं चाललाय' असं इचारायची त्याला गरज नव्हती. असा माणूस या मळ्यात एकच हाय."

"पप्पा?" निशिगंधाचा आवाज पार खाली आला होता.

"मीच नेला," गणपतराव म्हणाले. "काल दुपारी. पिराजीनं हात लावला चढवायला. म्हणून तो म्हणतोय, मी नेला नाही. खरं बोलतोय बिचारा."

"पण मला का सांगितलं नाही? मी सकाळपासून त्यांना..." तिला पुढं बोलवेना.

"बसवराजच्या आईनं निरोप धाडला होता. बाग उघडणार म्हणताय, तर त्याआधी बेंदराला माझ्या पोराचा घोडा एकदा दारात आणा. आणि गाजावाजा नको." त्यांनी सुनेकडं बघितलं, रागानं नाही, ओशाळून. "तुला सांगितलं असतं, पोरी, तर तू फोटो काढला असतास. वाईट हेतूनं नव्हे. पण काढला असतास."

निशिगंधाच्या हातात सकाळपासून फोन होता. तिनं तो हळूच टेबलावर पालथा ठेवला.

"आज पहाटेच परत आणून बसवणार होतो. तुमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत. निघायला उशीर झाला, वाटेत तुझा फोन आला, पोलिसांचं ऐकलं आणि वाटलं, आता घोडा घेऊनच तोंड दाखवावं. गेलो, तर म्हातारीनं मला पोटभर पोळी वाढली आणि घोडा देणार नाही म्हणाली."

"का?"

"ते सांगत नाही. नुसती मान हलवती."

५

पिकअप पिराजी चालवत होता. निशिगंधानंच किल्ली त्याच्या हातात दिली होती. देताना ती काहीतरी म्हणणार होती, पण शब्द जुळेनात, मग म्हणाली, "तात्या, सावकाश." पिराजी म्हणाला, "व्हय." तेवढ्यावर दोघांचंही काम भागलं. हौद्यात महांतेश आणि गोधडी.

दूधगंगेचा पूल ओलांडला की पाट्या कानडी होतात, ऊस मात्र तोच राहतो. बसवराजच्या आईचं, शांतव्वाचं, घर गावाच्या कडेला. दारात कडुलिंबाच्या पाल्याची दोरी तुटून लोंबत होती. बेंदराला दारात आडवी दोरी बांधून जनावराकडून तोडून घेतात, ती ही 'कर'. फायबरच्या घोड्यानं ती कशी तोडली असेल? गणपतरावांनी नि पिराजीनं दोन बाजूंनी उचलून पुढं ढकलला असणार. आक्काताईच्या डोळ्यांपुढं ते दोन म्हातारे आले आणि तिला हसूही आलं, गलबलूनही आलं.

सोप्यात पांढरा घोडा उभा होता. कान हुरमुंजानं तांबडे, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात पुरणाची पोळी. शेजारी जोंधळ्याच्या कणसासारखी वाळलेली म्हातारी.

"बा, कुंद्र," म्हणून तिनं आक्काताईकडं पाट सरकवला.

आक्काताई बसली. निशिगंधाही जमिनीवरच टेकली. गणपतराव दारातच उभे राहिले.

"अव्वा, तुम्ही काय खाल्लंसा?" आक्काताईनं विचारलं.

शांतव्वा तिच्याकडं बघतच राहिली. "सगळ्यांस्नी वाढलं की."

"तुम्ही काय खाल्लंसा, म्हणते मी."

म्हातारीचा हात पदरात गेला. कालपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. आक्काताईनं घोड्यापुढच्या पोळीचा तुकडा मोडला, तिच्या हातावर ठेवला आणि काही न विचारता थांबली. चुकलेलं पोर आधी खातं, मग रडतं, मग सांगतं. तो क्रम मोडायचा नसतो.

शांतव्वानं खाल्लं. मग रडली. मग म्हणाली,

"आमच्यात गेलेल्या मानसाला आडवा करून न्हेत न्हाईत, बाई. बसवून न्हेत्यात. मातीत सुद्धा बसवूनच ठिवत्यात, ध्यानाला बसल्यागत. माझ्या पोराला पिशवीत बांधून आडवाच न्हेला. कुठं न्हेला, कसा न्हेला... मी बघितलं न्हाई. त्या दिसांत कुणाच्याच हातात काय न्हवतं, मला कळतंय. मी कुणाला बोल लावत न्हाई." तिनं घोड्याच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या ह्येच्यावर पोरं बसत्याल. बसू देत की. त्येला आवडायचं. पर माझं पोरगं तेवढं बसायचं ऱ्हायलं."

गणपतराव चौकटीला धरून उभे होते. पिराजी अंगणाकडं तोंड करून नाक शिंकरत होता.

आक्काताईनं पोळीचा आणखी एक तुकडा मोडून म्हातारीच्या हातावर ठेवला. सोडवायचं होतं ते कोडं सुटलं होतं. हे कोडं नव्हतंच.

निशिगंधा पुढं सरकली. "अव्वा," ती म्हणाली. हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा उच्चारला असावा. "बाग उघडली की पहिला फेरा कुणाचा, हे अजून मी ठरवलेलं नाही. तुम्ही सांगा."

म्हातारीनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग उठली, घोड्याच्या गळ्यातली माळ सारखी केली आणि महांतेशला म्हणाली, "धर रे. मान सांभाळ."

६

मौजमळ्याचं फाटक ठरल्या दिवशी उघडलं. घोडापाळण्याला मात्र दोरी बांधली होती. निशिगंधानं तपासनीसांना स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं आणि त्यांचं बोलणं निमूट ऐकून घेतलं होतं. दुपारी ते आले, पांढऱ्या घोड्याचा प्रत्येक बोल्ट त्यांनी स्वतः हलवून बघितला आणि कागदावर सही केली. तांबडे कान दिसले, पण त्यांनी विचारलं नाही. ते सीमेलगतच्या चंदगडकडचे, कर्नाटकी बेंदूर त्यांच्याकडंही व्हायचा.

दोरीपाशी पोरांची ही गर्दी. दोन वर्षं घरात कोंडलेली पोरं. काहींना तर रांग म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यांना आवरता आवरता आक्काताईचा घसा बसला.

पिराजीनं दोरी सोडली. एकेक करून सगळे घोडे भरले. पांढऱ्याशी तो स्वतः उभा राहिला, हात आडवा धरून. चौथऱ्याच्या कडेला खुर्चीवर शांतव्वा, आणि तिच्यामागं, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, निशिगंधा. फोन तिनं घरीच ठेवला होता.

महांतेशनं कळ दाबली. गाणं लागलं. घोडे हलले.

रांगेत पुढं राहिलेली एक बुटकी पोरगी रागानं लालबुंद झाली. "ओ आजोबा! त्यो पांढरा रिकामाच फिरालाय की! मला का बसू दिलं न्हाईसा?"

फिरत्या चौथऱ्याबरोबर पिराजी पांढऱ्या घोड्याच्या कडेनं चालत होता, एक हात खोगिरावर धरून, नवख्या पोराला पडू नये म्हणून धरतात तसा.

"दम धर की, बाई," तो म्हणाला. "आदी घरच्या मानसाला फिरू दे."